रातची लाईन आणि सकाळची पाळी : गावातल्या कारखान्यात वेळ कोणी ठरवायची

डिसेंबर महिना होता. सकाळी आठला डाळमिलचं शटर उघडलं, मोटर सुरू करायची वेळ झाली आणि चाळणीवर उभा राहणारा माणूसच नाही. तो आला साडेदहाला. डोळे लाल, पॅन्टच्या तळाशी वाळलेला चिखल. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, “भाऊ, रातची लाईन होती. बाराले आली न सकायी गेली. हरभऱ्याले पानी नाई देलं तर वर्षभर खाऊ काय?”

लाईन म्हणजे शेतीपंपाची वीज; ती पाळीपाळीने कधी दिवसा, कधी रात्री येते. मी त्याचा अर्धा दिवस कापला. त्या वेळी मला ते बरोबरच वाटलं होतं. आठवडाभराने तो यायचा बंद झाला, जवळच्या एका जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, लागला. चाळणीचा आवाज ऐकून जाळी कुठे तुंबली हे सांगणारा माणूस होता तो. तसा दुसरा तयार करायला मला अख्खा हंगाम लागला.

मी यवतमाळ जिल्ह्यात एका शेतकरी उत्पादक कंपनीची डाळमिल आणि धान्य सफाईचं युनिट सांभाळतो. हंगामात पंचवीस-तीस माणसं, एरवी बारा-चौदा. कामाच्या वेळेवर कंपनीचा धाक किती असावा आणि माणसाची मर्जी किती चालावी, याचे शहरी ऑफिसांसाठीचे सल्ले भरपूर मिळतात. पण आपल्याकडचा कामगार अर्धा शेतकरीही असतो. त्याच्या दोन-तीन एकरांचं वेळापत्रक पाऊस, महावितरण आणि बाजारभाव मिळून ठरवतात. त्यामुळे हा लेख डाळमिल, जिनिंग, तेलघाणा, गोदाम, बचत गटाचा मसाला उद्योग असं काही आठ ते चाळीस माणसांवर चालवणाऱ्यांसाठी आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की ज्या कामाला खरोखर घड्याळ लागतं तिथे कंपनीने घट्ट धरावं, तेही आधी सांगून. बाकीची वेळ माणसाच्या हाती द्यावी. हे कसं करायचं ते क्रमाने सांगतो.

आधी आठ दिवस नुसतं लिहा

काहीही बदलण्याआधी एक वही घ्या आणि पाच रकाने आखा : नाव, आला कधी, गेला कधी, उशिराचं कारण, आणि त्या उशिराने काय अडलं. ही वही मुकादमाकडे देऊ नका, स्वतः भरा. या आठ दिवसांत कोणाला बोलू नका, कोणाचा पैसा कापू नका. नाहीतर कारणाच्या रकान्यात फक्त “तब्येत” येईल.

पाचवा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तिथे “खोळंबा झाला” असं मोघम लिहून चालणार नाही. “मोटर ४० मिनिटं रिकामी”, “छोटा हत्ती टेम्पो काट्यावर तासभर उभा”, “काही अडलं नाही”, असं नेमकं लिहा.

आमच्या वहीत जे निघालं त्याने माझा बराच समज बदलला. निवडणीला बसणाऱ्या बाया रोज पंधरा-वीस मिनिटं मागेपुढे येत आणि मी रोज त्यांनाच बोलत असे, कारण त्यांची जागा माझ्या टेबलासमोर होती. त्यांच्या ओळींपुढे जवळजवळ सगळीकडे “काही अडलं नाही” असं आलं. उलट वजनकाट्यावरचा पोरगा दहाच मिनिटं उशिरा आला त्या दिवशी बाहेर सोयाबीनच्या गाड्यांची रांग लागली होती. त्यातल्या दोघांनी माल तसाच अडत्याकडे नेला. त्या पोराला मी कधी काही बोललो नव्हतो.

मग कामांचे ढीग करा

माणसांचे नाही, कामांचे. एकच माणूस दिवसात दोन-तीन प्रकारची कामं करतो, म्हणून “हा वेळेचा पक्का, तो ढिला” अशी वाटणी उपयोगाची नाही. प्रत्येक कामाला विचारा : याची वेळ कोण ठरवतं?

काही कामांची वेळ मशीन ठरवतं. भरडणी सुरू झाली की टाकणारा, चाळणीवरचा आणि पोती लावणारा तिघंही जागेवर हवेत. एक हलला तर तिघांचं थांबतं. जिनिंगमध्ये हे आणखी कडक आहे. डबल रोलर जिनवर कापूस टाकणारा, सरकी ओढणारा आणि प्रेसवर १७० किलोची गाठ बांधणारी टोळी, ही सगळी एकाच साखळीची माणसं. शिवाय कापसाला आग लागायला ठिणगी पुरते, म्हणून चालू मशीनजवळ माणूस कमी असणं हा सुरक्षेचाही प्रश्न आहे. इथे कोणाच्या सोयीने चालत नाही.

काही कामांची वेळ ऊन ठरवतं. तुरीला चरे पाडून, तेल लावून मुरवली की पुढे वाळवणीच्या ओट्यावर पसरायची. ऊन तापायच्या आत पसरणं आणि सांजेचा गारवा उतरायच्या आत गोळा करून ताडपत्री टाकणं, या दोन वेळा चुकल्या तर डाळ नीट फुटत नाही, चुनी म्हणजे डाळीचा चुरा जास्त पडतो. पण या दोन टोकांच्या मधले तीन-चार तास? मध्ये एक-दोनदा पाय फिरवून तूर उलटवली की झालं. आम्ही मात्र आठ माणसांना दिवसभर ओट्याजवळ बसवून ठेवत होतो. त्यांना सोडलं तर “काम नसताना पैसे दिले” असं वाटेल, या भीतीने. खरं पाहता ती माणसं सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास आणि आभाळ आलं तर हाकेला लागत होती. बाकीच्या वेळेत त्यांनी निवडणी केली काय, घरी जाऊन पोराला जेवू घातलं काय, डाळीला फरक पडत नव्हता.

काहींची वेळ समोरचा माणूस ठरवतो. काटा, माल उतरवणं, खत-बियाण्याचा काउंटर. शेतकरी पहाटे बंडी जुंपून निघालेला असतो; “साहेब दहाला येतात” हे त्याला ऐकवायचं नसतं. इथेही वेळ पक्की हवी, पण त्यासाठी सगळ्यांनी आठलाच यायची गरज नाही. काटा सकाळी सात ते संध्याकाळी सहा उघडा आहे, एवढं पुरे. कोण कधी बसेल ते काट्यावरच्या दोघांनी आपसात ठरवावं.

उरलेली कामं मोकळी. निवडणी, पोती शिवणं, बारदाना झटकणं, हिशेब, सभासदांच्या गावभेटी, मशीनची साप्ताहिक सफाई. ती झाली पाहिजेत, ठरलेल्या दिवसात झाली पाहिजेत. कोणत्या तासाला, हे करणाऱ्याने ठरवलं तरी चालतं.

आमच्याकडे हे ढीग केल्यावर मोकळा ढीग सर्वांत मोठा निघाला. तुमच्याकडे वेगळं निघेल. जिनिंगवाल्यांचा पहिला ढीग मोठा असणार. पण करून पाहिल्याशिवाय अंदाजाने बोलू नका.

कायद्याचं कुंपण

हे थोडक्यात सांगतो, पण टाळू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. आपल्या कामाचे मुद्दे एवढे : दहा किंवा जास्त कामगार असतील तर कामाचा दिवस आठ तासांचा आणि आठवडा ४८ तासांचा धरायचा. आठवड्याला एक सुट्टी. त्यापुढचं काम म्हणजे ओव्हरटाइम, त्याला दुप्पट दर आणि कामगाराची संमती. वर्षात १८० दिवस काम झालं की दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. बाईमाणसाला रात्रपाळी द्यायची तर तिची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था, दोन्ही हवं. किमान वेतन तर एकच मजूर असला तरी लागू. बारीक नियम राज्यागणिक बदलतात, तेव्हा आपल्या जिल्ह्याच्या कामगार अधिकाऱ्याकडे एकदा स्वतः जाऊन विचारून या. कर सल्लागाराच्या ऐकीव माहितीवर राहू नका.

संमती या शब्दाकडे नीट पाहा. सगळ्यांसमोर “थांबता ना रे आज?” असं विचारलं तर नाही कोण म्हणेल? आम्ही ओव्हरटाइमचा कागद दुपारच्या जेवणाच्या वेळी भिंतीला लावतो. ज्याला थांबायचं तो नाव लिहितो. नावं कमी पडली तर काम उद्यावर जातं. पहिल्यांदा हे फार जड गेलं.

गावाचं पंचांग मांडा

आता माणसांना विचारा. एका बैठकीत नको, दोन घ्या : एक सगळ्यांची, एक फक्त बायांची. सगळ्यांच्या बैठकीत बाया मागे बसतात आणि मुकादमाच्या तोंडाकडे बघून मान हलवतात. वेगळ्या बैठकीत आमच्याकडची एक मावशी पहिल्यांदा बोलली, “आठले यायाले काही नाई भाऊ. पन नळ साडेसातले येते न पोरीची शाळा आठले. मले साडेआठ करून द्या, सांजच्याले अर्धा तास थांबतो.” तीन वर्षं ती रोज धावत येत होती. तिचा प्रश्न अर्ध्या तासाचा होता आणि तिचं काम निवडणीचं, म्हणजे मोकळ्या ढिगातलं.

बैठकीत “तुम्हाला काय हवं?” असं विचारू नका. पगारवाढ, एवढंच उत्तर येतं, आणि तो विषय वेगळा. त्याऐवजी वर्षाचे बारा महिने मोठ्या कागदावर मांडा आणि विचारा, कोणत्या आठवड्यात घरचं शेत तुम्हाला ओढतं. आमचा कागद साधारण असा भरला :

जून-जुलैत पेरणी आणि डवरणी, पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी कोणी येत नाही. श्रावणाच्या अमावस्येला पोळा, दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा. या दोन दिवशी गिरणी सुरू ठेवण्यात काही अर्थ नाही. मग महालक्ष्म्या, त्या वेळी बायांना तीन दिवस सवड नसते. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सोयाबीनची सोंगणी. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू होते आणि ती जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत रेंगाळते. डिसेंबर-जानेवारीत तूर. फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा आणि गहू. एप्रिल-मे लग्नं.

अडचण उघड आहे. शेतकऱ्याच्या घरात माल येतो तेव्हाच मिललाही माल येतो. दोघांची घाई एकाच वेळी. यावर पूर्ण उपाय नाही, पण अर्धा आहे. प्रत्येकाने हंगामाआधी आपले सहा “शेताचे दिवस” राखून ठेवायचे, पक्की तारीख नाही, फक्त आठवडा. एका ढिगातल्या दोघांचा आठवडा एक आला तर त्यांनी आपसात सोडवायचं. जमलं नाही तर चिठ्ठी टाकायची. मालकाने किंवा मुकादमाने निवाडा करायचा नाही, केला की तिथे नातं, जात आणि उसनवारी येते. वेचणीच्या दिवसांत मजूर किलोच्या भावाने कापूस वेचतात आणि पहाटे लवकर गेलं तर जास्त पैसे पडतात. बाया त्या आठवड्यांत आपल्याकडे दुपारनंतरच येऊ पाहतील. त्यांना अर्धवेळ ठेवणं परवडतं, गमावणं परवडत नाही.

आठवडी सुट्टी कोणत्या वारी द्यायची याचा वाद घालू नका. ज्या दिवशी गावचा बाजार भरतो, त्या दिवशी. हप्त्याचा पगार असेल तर तो सुट्टीच्या आदल्या दिवशी हातात पडला पाहिजे, असं कायदाही सांगतो. बाजाराच्या दिवशी दुपारी पैसे देऊन उपयोग नाही, तोवर चांगली भाजी संपलेली असते.

चौकट : मधले तास पक्के, कडेचे मोकळे

मोकळ्या ढिगातल्यांसाठी आमचा नियम असा झाला. दरवाजा सकाळी सात ते संध्याकाळी सात उघडा. दहा ते तीन सगळ्यांनी हजर, त्यात अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी. बाकीचे तास प्रत्येकाने आपल्या सोयीने आधी किंवा नंतर भरायचे. रोज आठ, आठवड्याला ४८. आज दोन तास कमी पडले तर तेवढे पैसे कमी. “उद्या दहा तास करून घेतो” हे कामगारच म्हणतो, पण ते मान्य करू नका. दहा तासांत दोन तासांचा ओव्हरटाइम होतो आणि हिशेबात गुंता होतो.

दहा ते तीन का? कारण पहिली एसटी नऊच्या सुमारास येते आणि शाळा सुटणं, जनावरं परतणं हे सगळं तीननंतर सुरू होतं. तुमच्या गावाची एसटी वेगळ्या वेळी येत असेल तर चौकटही वेगळी बांधा.

उन्हाळ्यात ही चौकट मोडावी लागते. एप्रिलच्या मध्यापासून आपल्याकडे पत्र्याच्या शेडखाली दुपारी बारा ते चार काम करणं म्हणजे माणसाला आजारी पाडणं आहे. पारा ४५ च्या वर जातो आणि पत्रा वरून आणखी तापवतो. सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी चार ते सात अशी तुटक पाळी आम्ही एक उन्हाळा करून पाहिली. कागदावर आठ तास, पण माणूस सकाळी साडेपाचला निघतो आणि रात्री साडेसातला घरी पोहोचतो. मधले पाच तास ना घरचे ना कामाचे. लांबून येणारे तर शेडमध्येच पडून राहत. दुसऱ्या वर्षापासून सहा ते दीड अशी सलग पाळी केली, मध्ये नऊला अर्धा तास आणि साडेअकराला पाव तास ताकाची सुट्टी. तास थोडे कमी भरतात, पगार तोच ठेवला. काम कमी झालं नाही.

मशीनवरच्यांना मोकळीक कशी द्यायची

त्यांना वेळ निवडता येत नाही, पण बदली निवडता येते. प्रत्येक मशीनच्या जागेसाठी तीन माणसं शिकवून ठेवा. दोन नाही, तीनच. दोघांत एक आजारी आणि एकाचं लग्नघर निघतंच. मग नियम साधा : ज्याला उद्या यायचं नाही त्याने त्या तिघांतल्या कोणाशी तरी बदली ठरवायची आणि रात्री आठच्या आत दोघांनीही फोनवर कळवायचं. कारण सांगायची गरज नाही. मी कारण विचारणं पूर्ण बंद केलं आणि खोटी आजारपणंही बंद झाली.

तीन गोष्टींवर मात्र ठाम राहा. न शिकलेला भाऊ किंवा पुतण्या बदलीला चालणार नाही. सलग दोन पाळ्या कोणीही करणार नाही, कितीही मागितलं तरी. आणि रात्रभर जागलेला माणूस चालू पट्ट्याजवळ उभा राहणार नाही.

या तिसऱ्या नियमासाठी आम्ही काय करतो ते सांगतो, कारण विदर्भातल्या बहुतेक युनिटांचा हाच प्रश्न आहे. शेतीपंपाची लाईन जिथे अजून पाळीपाळीने दिवसा आणि रात्री येते तिथे फीडरचं, म्हणजे त्या भागाला वीज पुरवणाऱ्या वाहिनीचं, वेळापत्रक आधी कळतं. आमच्या माणसांची शेतं तीन फीडरवर आहेत. त्या तिन्हींचं आठवड्याचं वेळापत्रक आम्ही मिलच्या वेळापत्रकाशेजारी लावतो. ज्याची रातची लाईन आहे आणि ओलित सुरू आहे, त्याच्या नावापुढे त्या दिवसांसाठी आपोआप “अकरा वाजता, निवडणी किंवा शिलाई” असं पडतं. त्याला विचारायला यावं लागत नाही, खोटं बोलावं लागत नाही. मशीनवर दुसरा उभा असतो, ज्याच्या फीडरला त्या आठवड्यात दिवसाची लाईन आहे. पुढच्या आठवड्यात दोघांची अदलाबदल. फीडरच्या पाळीवरून मिलची पाळी लावली, एवढंच. सौर फीडरमुळे काही गावांत आता दिवसाच पाणी देता येतं. तिथे हा ताण कमी झाला आहे.

पैशाचा हिशेब समोर ठेवा

उशिराला अर्धा दिवस कापणं आपल्याकडे रूढच आहे. ते कायद्यात बसत नाही. गैरहजेरी जेवढी, कपात त्याच प्रमाणात, त्याहून जास्त नाही. समजा रोज ४८० रुपये आणि आठ तास, म्हणजे तासाला ६०. वीस मिनिटं उशीर झाला तर २० रुपये. अर्धा दिवस म्हणजे २४०. हे २२० रुपये आपण कशाचे घेतो? आणि अर्धा दिवस कापल्यावर तो माणूस दुपारपर्यंत बाहेर पारावर बसतो, म्हणजे आपलंही काम बुडतं. त्याच ४८० वाल्याला दोन तास थांबवलं तर १२० नाही, २४० द्यायचे. दोन्ही आकडे भिंतीवर लिहून ठेवा.

निवडणी तासाने द्यायची की गुत्त्याने, यावर बराच वाद होतो. किलोमागे दर दिला की माणूस स्वतःच्या वेळेचा मालक होतो, हे खरं आहे. पण मी पाहिलंय की गुत्त्यावर बसलेल्या बाया पाणी प्यायला उठत नाहीत आणि संध्याकाळपर्यंत पाठ धरते. म्हणून आमच्याकडे रोजाचा ठरलेला पैसा आणि ठरावीक वजनाच्या वर झालेल्याला किलोमागे थोडी भर, असं आहे. नुसता गुत्ता ठेवणार असाल तर दिवसाअखेर किमान वेतनापेक्षा कमी कोणाच्याही हातात पडत नाही ना, हे रोज तपासा. मालात कचरा जास्त असला की कमी पडतं.

हजेरी

आम्ही अंगठ्याचं मशीन बसवलं होतं. पहिल्याच आठवड्यात निवडणीच्या बायांची दारात रांग लागली. वर्षानुवर्षं निंदण-वेचणी करून बोटांच्या रेषा झिजलेल्या. कोणी हात धुऊन येई, कोणी केसांवर बोट घासून तेलकट करी, तरी मशीन लाल दिवा दाखवी. आठला आलेल्या बाईची हजेरी आठ वाजून अठरा मिनिटांनी लागायची आणि कॉम्प्युटर तिला उशिरा धरायचा. रेशनच्या दुकानात जे तिला सोसावं लागतं तेच आम्ही कामावर आणून ठेवलं होतं. महिन्याभरात ते मशीन काढलं आणि साधं हजेरीपुस्तक ठेवलं. वेळ स्वतः लिहायची किंवा शेजारणीकडून लिहून घ्यायची आणि शनिवारी प्रत्येकाने आपली ओळ बघून सही-अंगठा करायचा.

गावभेटीला जाणाऱ्या पोरांच्या फोनवर दिवसभर ठावठिकाणा बघणारं ॲप घालण्याचा सल्ला मला मिळाला होता. घातलं नाही. कोणत्या सभासदाकडे गेला, काय बोलणं झालं, हे त्याने लिहून द्यावं आणि महिन्यातून दोन-चार सभासदांना मी फोन करावा, यातून जे कळतं ते नकाशावरच्या ठिपक्यातून कळत नाही. आणि संध्याकाळी सातनंतर ग्रुपवर कामाचा निरोप टाकायचा नाही. आग, चोरी, पाऊस, एवढ्यालाच फोन.

इथे नागपूरची एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. कापूस पिकवणाऱ्या मुलखातली माणसं, रोज ठरल्या वेळी भोंग्यावर येणं त्यांच्या अंगवळणी नव्हतं. पुढे त्या मिलने १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी सुरू केला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. कायद्याने भाग पाडायच्या कितीतरी आधी. माणूस टिकवायचा तर टिकण्यासारखं काहीतरी द्यावं लागतं, हे आपल्याच भागात तेव्हा कोणीतरी ओळखलं होतं.

कंपनीने स्वतःला घालायची बंधनं

हे बहुतेक जण विसरतात. कामगाराचा वीस मिनिटांचा उशीर आपल्याला दिसतो. आपण त्याला दोन तास बिनकामाचं बसवून ठेवलेलं दिसत नाही. वीज गेली, माल आला नाही, ट्रक अडकला, तर “जा घरी, आज हजेरी नाही” असं म्हटलं जातं. तो तर पाच किलोमीटर सायकलवर आलेला असतो आणि दुसरीकडचा रोजही बुडालेला असतो.

आमचं लिखित वचन असं : कामावर बोलावलं की निदान अर्ध्या दिवसाचा पैसा पक्का, काम असो नसो. वीज गेली तर पहिला तास वाट बघण्याचाही पैसा, त्यानंतर मोकळ्या ढिगातलं काम. पाळी बदलायची असेल तर सात दिवस आधी फळ्यावर लिहायचं; त्याहून कमी वेळात बदल केला तर कामगाराला नाही म्हणायचा हक्क, आणि नाही म्हटल्याचं काही मनात ठेवायचं नाही. हे वचन लिहून लावल्यावरच उशिराबद्दल बोलायचं तोंड आपल्याला मिळतं.

मुकादम

या सगळ्यात त्याचा जोर जातो, हे मान्य करा. कोणाला सुट्टी द्यायची, कोणाला नाही, यावर त्याचा मान उभा होता. त्याला बाजूला सारलं तर तो आतून मोडून काढेल. आमच्या मुकादमकाकांना आम्ही तिसरा माणूस शिकवायचं काम दिलं : कोणत्या मशीनवर किती जण तयार आहेत याचा तक्ता त्यांच्या नावाने लागतो आणि प्रत्येक नवा माणूस तयार झाला की त्यांना बक्षीस मिळतं. पहिले दोन महिने ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. आता बदलीचे फोन त्यांच्याकडेच जातात.

सहा आठवडे चालवून बघा

मोजायचं फक्त चार गोष्टींत : मोटर किती वेळ रिकामी राहिली, काट्यावर गाड्या किती थांबल्या, किती क्विंटल डाळ निघाली, आणि किती माणसं सोडून गेली. कोण किती वाजता आलं हे मोजू नका, ते मोजायला लागलात की पुन्हा जुन्या जागी याल.

कोणीतरी गैरफायदा घेणारच. आमच्याकडे एकाने तीन वेळा बदली न ठरवता दांडी मारली. पहिल्या वेळी विचारलं, दुसऱ्या वेळी लिहून दिलं, तिसऱ्या वेळी दोन महिने त्याची बदलीची सोय काढून घेतली. त्याची एकट्याची. एकामुळे सगळ्यांची सोय बंद करण्याचा मोह फार होतो. केलीत तर पुढच्या वेळी कोणी विश्वास ठेवणार नाही.

सुरुवात कधी करायची? डिसेंबरात नक्कीच नाही, तेव्हा कोणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. आपल्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, वर्ष गुढीपाडव्याला संपतं आणि नवं ठरतं. पगार, कपडे, धान्य यांची बोलणी तेव्हाच होतात, त्यामुळे कामाच्या अटी बोलायची माणसांना सवय असते. होळीनंतर वही भरा, पाडव्याला कागद भिंतीवर लावा, उन्हाळ्याच्या सकाळच्या पाळीत चुका काढा आणि पेरणीआधी एकदा सगळ्यांना बसवून दुरुस्त करा. पोळ्यानंतर पुन्हा बसा, सोयाबीनची पहिली गाडी काट्यावर यायच्या आत. फीडरचं वेळापत्रक मात्र दर आठवड्याला बदलून लावायचं, आणि ते काम ज्याच्या शेताला त्या आठवड्यात रातची लाईन आहे त्याच्याकडेच द्यायचं. तो कधी विसरत नाही.